ले आणि दे

गिरणेकाठच्या आमच्या गावात लग्न असो, बारसं असो की ग्रामपंचायतीची निवडणूक, भोंगा माझाच. एक अ‍ॅम्प्लिफायर, एक माइक, दोन भोंगे आणि लाइट गेली तर बारा व्होल्टची बॅटरी, एवढ्या भांडवलावर मी गावात चुडामण भोंगेवाला म्हणून मिरवत होतो. अठ्ठावीस वर्षांचा झालो तरी लग्न जमत नव्हतं, कारण भोंगेवाल्याला पोरगी देणार कोण, पण माझा ताठा काही कमी नव्हता. आवाजातलं मला सगळं कळतं, असं मला एकोणनव्वद सालच्या श्रावणापर्यंत वाटत होतं. बटण उजवीकडे पिळायचं आणि पलीकडच्या गावची कुत्री भुंकायला लागली की काम झालं समजायचं.

गावात एकाच बाईला माझ्या भोंग्याची गरज नव्हती. ती माझी वहिनी, यशोदाबाई. वहिनी असली तरी सगळं घर तिला अक्का म्हणायचं. मी तीन वर्षांचा असताना आई गेली आणि त्याच वर्षी ती अभिमनभाऊची बायको होऊन आमच्या घरात आली. स्वतः चौदा-पंधरा वर्षांची पोर, आणि मला काखोटीला मारून चुलीपासून गोठ्यापर्यंत हिंडायची. तिचा गळा असा की शेतात निंदताना तिनं सूर लावला की नदीपल्याडच्या बाया हात थांबवायच्या. श्रावणात कानबाई बसली की वीस वर्षं पहिलं गाणं तिचंच.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात गाठ आली. डॉक्टरांनी ऑपरेशनआधीच स्पष्ट सांगितलं होतं की गाठ आवाजाच्या शिरेला चिकटली आहे, जीव वाचेल पण आवाजाची खात्री नाही. जीव वाचला. आवाजाच्या जागी नुसता वारा उरला. सुरुवातीला ती बोलायची आणि आम्ही कान पुढे करून "काय? काय म्हनी?" करायचो. चारचौघांत तीन-तीनदा विचारल्यावर ती हातानं "राहू द्या" करायची. पुढे ती बोलायचीच बंद झाली, निदान आम्हाला तसं वाटलं. संध्याकाळी मी सायकल लावून घरात आलो की चुलीपाशी तिचे ओठ हललेले दिसायचे. देवाचं नाव घेत असेल, असं समजून मी हातपाय धुवायला निघून जायचो.

कानबाई आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी येते. नारळाची देवी, तिला नथ, लुगडं, समोर भाऊबंदांच्या घरचे नैवेद्याचे रोट. रविवारी बसते, रात्र गाण्यांत जाते आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर पोचवायचं. अक्का गप्प झाल्यावर मागच्या वर्षी बाया एकमेकींकडे बघत कसंबसं गुणगुणल्या. यंदा आमचा चुलतभाऊ रुपचंद जळगावहून दोन स्पीकरचा टेप आणि गाण्यांची कॅसेट घेऊन आला. कानबाईचा पाट यंदा त्याच्याच ओट्यावर होता. तो म्हणाला, "आते कोनाले गाणं म्हनानी गरज नही. बटन दाबं का बठ्ठी गाणी हाजर."

माझं डोकंच फिरलं. कॅसेटमधल्या बाईला आमच्या घरातल्या कोणत्या सुनेचं नाव कुठल्या कडव्यात घ्यायचं ते कुठून माहीत असणार? मी चार माणसांत उठून म्हणालो, "पहिलं गाणं अक्काच म्हनी. माइकवर म्हनी. भोंगेवाला काय मरी गया का?"

रुपचंद हसला. "भाऊ, ठीक शे. अक्का गायनी आन् आमले ऐकू उनं, तं कॅसेट बंद. नही तं दरसाल कॅसेटच वाजी. मंग कोनी काई बोलानं नही."

सगळ्यांनी माना हलवल्या. अभिमनभाऊनंसुद्धा हलवली. अक्का दाराआडून ऐकत होती. मी आत गेलो तेव्हा ती माझ्याकडे रागानं बघत होती, मग तिनं गळ्यावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला आणि एक बोट वर केलं. एक गाणं. एकच.

त्याच दुपारी मी तिला माइकसमोर बसवलं आणि बटण पूर्ण पिळलं. भोंग्यातून तळणीत भजी सोडल्यासारखी चर्र ऐकू आली, त्याखाली भुणभुण, आणि त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी अक्का. आणखी पिळलं तर भोंगा असा किंचाळला की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. अक्का उठून भाकरी थापायला गेली. कानबाईला बारा दिवस उरले होते.

भडगावच्या स्टँडमागे मोतीलाल मेकॅनिकचं दुकान होतं. तो फौजेत सिग्नलमध्ये होता, वीस वर्षं बाहेर राहिल्यामुळे भाषा पुस्तकी झालेली, आणि बोलणं मोजून-मापून. माझं नि त्याचं फारसं जमायचं नाही, कारण माझे भोंगे ऐकून तो एकदा "याला आवाज म्हणत नाहीत, मारामारी म्हणतात" असं म्हणाला होता. पण गरज माझी होती. त्यानं माझं सगळं ऐकलं, अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण काढलं आणि आत डोकावून म्हणाला, "तुझ्या या बटणाचं नाव काय?"

"आवाज," मी म्हणालो.

"इथेच चूक आहे. माइकमधून जे येतं ते आधी या पहिल्या ट्रान्झिस्टरनं उचलायचं असतं. त्याला तू विचारतच नाहीस किती उचलू म्हणून. तो ठरल्याप्रमाणे उचलतो. सरपंच माइक गिळून ओरडला तर इथेच फाटतो, आणि तुझी वहिनी कुजबुजली तर तिच्यापेक्षा याची स्वतःची खरखरच जास्त. तुझं बटण या सगळ्याच्या नंतर बसलंय. विहिरीतून गाळ आला आणि तू पाट रुंद करत बसलास, तर शेतभर गाळच जाणार ना?"

मी अ‍ॅम्प्लिफायर उचलून चालू लागणार होतो. पण खरं सांगायचं तर, दहा वर्षं हाताखाली असलेल्या त्या डब्यात पहिलं नि दुसरं असं काही असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. मी परत स्टुलावर बसलो.

पुढचे आठ दिवस मी रोज सायकल मारत त्याच्याकडे गेलो. त्यानं जळगावहून एकाच नंबरचे दहा ट्रान्झिस्टर आणवले. माझ्या मते एक घेऊन कामाला लागायचं. तो प्रत्येक ट्रान्झिस्टर लावायचा, हेडफोन कानाला लावून डोळे मिटायचा, आणि माइक नसताना आतून काय ऐकू येतं ते ऐकत बसायचा. "हा बडबडतो," म्हणून एक बाजूला. "हा खोकतो," म्हणून दुसरा. सातवा लावल्यावर त्यानं हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला, मग म्हणाला, "हा ऐकणारा आहे." मला हसू आलं होतं, पण त्यानं हेडफोन माझ्या कानावर ठेवला आणि मी हसू गिळलं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

त्यानं मुख्य अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी लावायचा एक छोटा वेगळा डबा केला. डालड्याच्या पत्र्याचा. विजेची भुणभुण आत शिरू नये म्हणून त्याला चार सेलांवर चालवलं, आणि अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच ठिकाणी आणून जोडल्या. पहिला ट्रान्झिस्टर किती उचलेल ते ठरवणारं बटण त्या डब्यावर बसवलं.

शेवटच्या दिवशी त्यानं घरातून ज्वारीचा डबा मागवला. माइकला फडक्यात गुंडाळून ज्वारीत खोचलं, बटण हळूहळू फिरवलं आणि मला हेडफोन दिला. आधी काहीच नव्हतं. मग कुणीतरी कोरड्या पाचोळ्यावरून चालल्यासारखं खुसखुस ऐकू आलं. थांबलं, पुन्हा चाललं.

"काय आहे?" मी विचारलं.

"पोरकिडे," मोतीलाल म्हणाला. "दाण्यांवरून चालताहेत."

 आयुष्यभर मी ज्वारी खात आलो, ज्वारीचे डबे उन्हात पालथे करत आलो, पण त्यांच्या पायांना आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी दहा वर्षं मोठे आवाज आणखी मोठे केले होते. हा माणूस जिथे आवाजच नाही तिथून आवाज आणत होता. मी हेडफोन काढायला तयारच होईना, तेव्हा त्यानंच तो ओढून घेतला.

मग त्यानं बायकोची नखांना लावायची लाली आणली आणि आपल्या खान्देशी बोलीत दोन बटणांवर नावं लिहिली. नव्या डब्यावर 'ले', म्हणजे घे. माझ्या जुन्या बटणावर 'दे'. "आधी ले, मग दे," तो म्हणाला. "तिच्यासाठी ले भरपूर, दे थोडं. आणि लक्षात ठेव, ले डावीकडे फिरवलं की वाढतं. तसंच राहू दे."

डावीकडे का, ते मी विचारलं नाही. आठ दिवस शिष्य होऊन बसलो होतो, तेवढं पुरे झालं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी रुपचंदच्या ओट्यावर सगळं मांडलं आणि अभिमनभाऊला कौतुकानं दाखवायला लागलो. ले डावीकडे फिरवताना त्यानं माझा हात धरला. "डावं? आरे, देवीना कामले डावं? डावा हातवरी काई लेतस का कोनी?"

मला ते लागलं. कानबाईचा रोट डाव्या हातानं घेतला म्हणून लहानपणी मी मार खाल्लेला आहे. देवीसमोर अक्काचं पहिलं गाणं, आणि तेही डाव्या बाजूनं घ्यायचं? भोंग्याच्या तारा जोडण्याइतकं सोल्डरिंग मला येत होतं. मी पत्रा उघडला, बटणामागच्या तीन टोकांपैकी एका कडेची तार काढली आणि दुसऱ्या कडेला लावली. आता ले उजवीकडे वाढू लागलं. "हॅलो, हॅलो" करून बघितलं, माझा आवाज खणखणीत आला. मोतीलालनं विनाकारण उलटं करून ठेवलं होतं, अशी माझी खात्री झाली.

रविवारी दिवेलागणीला कानबाई बसली. ओटा बायांनी भरला. अक्का हिरवं लुगडं नेसून माइकसमोर येऊन बसली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं डोळे मिटून मान वर केली. तिचे ओठ हलले. भोंग्यात काही नाही. मी ले उजवीकडे फिरवलं. काही नाही. अर्ध्यावर आणलं, पाऊण आणलं, तरी काही नाही. शेवटचं केसभर फिरवलं आणि सगळं एकदम अंगावर आलं. दोन्ही भोंगे किंचाळले, पोरं रडायला लागली, बायांनी कानांवर हात घेतले. केसभर मागे घेतलं तर पुन्हा ठार शांतता. मधे काही उरलंच नव्हतं.

मी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा अक्कानं स्वतःच माइक बाजूला सरकवला आणि उठून भिंतीकडे तोंड करून बसली. रुपचंदनं चिडवलं नाही. त्यानं नुसतं टेपचं बटण दाबलं, आणि त्याच्या न चिडवण्यानं मला जास्त लाज वाटली.

सोमवारी उजाडायच्या आत मी डबा सायकलला बांधला आणि भडगाव गाठलं. देवीला निरोप द्यायचं गाणं तेवढं उरलं होतं. आठ-साडेआठला कानबाई उठणार होती. मोतीलाल ओट्यावर दात घासत होता. मी काय केलं ते त्याला सांगितलं, डाव्या हाताचं कारणही सांगितलं, आणि शिव्या खायला उभा राहिलो.

त्यानं चूळ भरली. "लहानपणी तुला कोण उचलून घ्यायचं?"

"अक्का."

"कोणत्या कडेवर?"

मी आठवून बघितलं. उजव्या हातात तिची विळी असायची, घागर असायची, भाकरीचं पीठ असायचं. मी डावीकडे असायचो. नेहमी डावीकडेच.

"दान उजव्या हातानं देतात," मोतीलाल इस्त्री तापवता तापवता म्हणाला. सोल्डरिंगच्या त्या सळईला तो इस्त्रीच म्हणायचा. "पोर डाव्या कडेवर घेतात. त्यात अशुभ काय?" मग बटणाची पाठ माझ्यासमोर धरून त्यानं कालच्या गोंधळाचं कारण सांगितलं. आतली काळी पट्टी सगळीकडे सारखी नसते. एका टोकाकडून गेलं तर आवाज पायरी पायरीनं चढतो. दुसऱ्या टोकाकडून गेलं तर सगळ्या पायऱ्या शेवटच्या केसभर जागेत कोंबलेल्या असतात. उजवीकडे हळू चढणारं उलटं बटण मुंबईहून मागवावं लागलं असतं, म्हणून त्यानं साधंच बटण डावीकडून चालवलं होतं. माझ्या मोठ्या आवाजाला ले फारसं लागतच नव्हतं, म्हणून शनिवारी मला काही कळलं नाही. ज्याचा आवाज बारीक, त्यालाच त्या पायऱ्या हव्या होत्या.

तार जागेवर लावून तो माझ्या सायकलवर मागे बसला. मांडीवर दुकानातला एक लाकडी स्पीकर. "भोंगे बंद ठेवायचे," म्हणाला. "भोंग्याला कुजबुज कळत नाही." एरवी मी भांडलो असतो.

आम्ही पोचलो तेव्हा बाया देवीचं लुगडं सारखं करत होत्या. कानबाईचा रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, म्हणून मोतीलाल आपणहून अंगणाबाहेर निंबाखाली जाऊन बसला. मी भोंग्यांच्या तारा काढल्या, लाकडी स्पीकर ओट्याच्या पुढच्या टोकाला बायांकडे तोंड करून ठेवला आणि माइक अक्कासमोर नेला. तिनं मान हलवली. नाही. मी तिच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "अक्का, चूक मनी व्हती. तुना आवाजनी नही." तिनं माझ्याकडे बघितलं. रात्रभर न झोपलेला, चिखलानं भरलेला मी तिला कसा दिसलो असेन कोण जाणे. तिनं माइक जवळ घेतला.

दे मी जेमतेम उघडलं. मग ले डावीकडे फिरवू लागलो, एकेक पायरी. आधी ओट्यावर पाखरांचा आवाज आला. मग तिच्या बांगड्या. मग तिचा श्वास, आणि श्वासाच्या आतून शब्द:

"थांब माय कानबाई, नदीले पानी गह्यरं शे..."

तो तिचा जुना आवाज नव्हता. जुना आवाज नदी ओलांडून जायचा. हा कुठेच जात नव्हता, प्रत्येकीच्या कानापाशी येऊन बसत होता. पूर्वी तान मोठी असायची, म्हणून तिच्या आत काय आहे ते कुणाला ऐकूच आलं नव्हतं. आता शब्द सुटण्याआधी ओठ विलग होताना ऐकू येत होते. आवंढा ऐकू येत होता. प्रत्येक सुनेचं नाव ती घेत होती, आणि नाव घेताना क्षणभर थांबत होती, ते थांबणंसुद्धा ऐकू येत होतं. बाया मागून साथ द्यायला लागल्या, पण आपोआप तिच्याइतक्याच हळू. शंभर बाया कुजबुजत गात होत्या. मी अशी गोष्ट कधी ऐकली नव्हती, पुन्हा ऐकेन असंही वाटत नाही.  अंगणाबाहेर मोतीलाल उठून उभा राहिला होता आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

गाणं संपलं.  रुपचंदनं टेपमधून कॅसेट काढली आणि खिशात घातली. बायांनी देवी उचलली, वाजंत्री वाजायला लागली, लोक नदीच्या वाटेला लागले. मी ले-दे बंद करायचं विसरून तसाच बसलो होतो. अक्काही माइकसमोरच होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे ओठ हलले, रोज संध्याकाळी चुलीपाशी हलायचे अगदी तसेच. आणि लाकडी स्पीकरमधून, स्वच्छ, आलं:

"चुडामन, जेवना का रे तू?"

 दोन वर्षं. रोज संध्याकाळी सायकल लावून मी आत यायचो, तिचे ओठ हलायचे, आणि मी देवाचं नाव समजून हातपाय धुवायला जायचो. ती बोलायची थांबलीच नव्हती, रोज मला जेवलास का विचारत होती. मी, आवाजातलं सगळं कळणारा चुडामण भोंगेवाला, तिला एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलं नाही. हात पुढे करून ले आणखी थोडं डावीकडे घेतलं.

"नही अक्का," मी म्हणालो. "आजून एक डाव इचार."